रत्नागिरी, व्हाया कल्याण

पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. नाटक पाहून आल्यावर जेवायच्या आधी त्याचं परीक्षण लिहून टाकणारे आहेत. गवयानं तंबोरा जुळवायच्या आतच मान नकारार्थी हलवणारेही आहेत. परंतु मराठी मध्यमवर्गीय माणूस जे वाङ्मय सर्वांत मन लावून, ओळीवर बोट ठेवून, पुन्हा पुन्हा मागे जाऊन वाचतो, त्या रेल्वेच्या वेळापत्रकाचं परीक्षण कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. साहित्याशी माझा संबंध वाचनालयाच्या वर्गणीपुरता. पण ज्या कृतीत निम्म्याहून अधिक आकडेच आहेत, तिच्याबद्दल बोलायचा अधिकार आम्हां बँकेतल्या लोकांना नाही, तर कोणाला?

प्रसंग असा घडला. माझी आई कोल्हापूरला माझ्याकडे असते आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, रत्नागिरीला असतो. आई पंचाहत्तरीची, मामा ऐंशीच्या पुढचा. दोघांनाही आता कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर दोघं एकाच वेळी बोलतात आणि दोघांचंही समाधान होतं. गेली चार वर्षं मात्र भेट नाही. कारण मध्ये आंबा घाट आहे.

कोल्हापूरहून रत्नागिरी रस्त्यानं १३० किलोमीटरच्या आसपास. एस.टी. चार तासांत पोचवते. पण आईला घाट लागतो. लागतो म्हणजे किती, तर मलकापूर आलं की तिचा चेहरा पांढरा होतो आणि साखरप्यापर्यंत तो पुन्हा माणसात येत नाही. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, गोळ्या झाल्या, "खिडकीबाहेर बघू नका" आणि "खिडकीबाहेरच बघा" हे दोन्ही सल्ले झाले. त्यात कानाच्या दुखण्यानं चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "वळणांचा रस्ता नको. रेल्वेनं न्या."

डॉक्टर विदर्भातले होते. त्यांना वाटलं, कोल्हापूरला रेल्वे आहे, रत्नागिरीला रेल्वे आहे, मग अडचण काय?

अडचण तीच आहे. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. रत्नागिरीला यायला १९९० चं दशक उजाडलं आणि कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. तोवर आमच्या आजोळी रेल्वे हा चेष्टेचा विषय होता. आई माहेरी गेली की "आमच्या कोल्हापुराला स्टेशन आहे" असं सहज बोलता बोलता सांगायची. १९९८ नंतर मामानं आईला पत्रातून कळवलं, "आता आमच्याकडेही रेल्वे आहे. तुमची मुंबईला जाऊन थांबते. आमची केरळपर्यंत जाते." म्हणजे बहिणीकडे रेल्वे आहे, भावाकडे रेल्वे आहे, दोघांच्या मध्ये सह्याद्री आहे. त्यानं कोणाचंच ऐकलेलं नाही.

अशा परिस्थितीत एका रविवारी मी मोबाईलवर तिकिटं काढून देणारं एक ॲप उघडलं. 'कुठून' या रकान्यात कोल्हापूर घातलं, 'कुठे' या रकान्यात रत्नागिरी घातलं, आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर तीन पर्याय आले होते. प्रस्तुत परीक्षण या तीन पर्यायांचं आहे.

पर्याय पहिला. याला लघुकथा म्हणता येईल. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीनं निघायचं, मिरज, सातारा, पुणे करत बोरघाट उतरायचा आणि पहाटे कल्याणला उतरायचं. तिथे उत्तरेकडून केरळला निघालेली गाडी दोन तासांनी येते. तिच्यात बसून पनवेल, रोहे, चिपळूण करत दुपारी रत्नागिरी. अंतर पावणेआठशे किलोमीटरच्या घरात, वेळ सतरा तास. कथानक सरळ आहे. पात्रं मोजकी. नायक पश्चिमेला जायचं म्हणून आधी उत्तरेला जातो आणि मग तितकाच दक्षिणेला येतो, एवढा एक धक्का सोडला तर बाकी मांडणी वास्तववादी. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणाऱ्याचं आधी कल्याण व्हावं लागतं, हा तिचा बोध.

पर्याय दुसरा ही कादंबरी. ही दक्षिणेकडून जाते. कोल्हापूर ते मिरज एक गाडी, मिरजेहून बेळगाव, लोंढा करत घाट उतरून मडगाव ही दुसरी, आणि मडगावहून पुन्हा उत्तरेला रत्नागिरी ही तिसरी. अंतर पहिल्यापेक्षा बरंच कमी, साडेपाचशेच्या आसपास. पण कादंबरीचा प्राण प्रसंगांच्या मधल्या मोकळ्या जागांत असतो, तसा हिचा प्राण प्रतीक्षालयांत आहे. मिरजेला काही तास, मडगावला त्याहून अधिक तास. वाटेत दूधसागरचा धबधबा हे निसर्गवर्णन. शिवाय महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी नायक कर्नाटक आणि गोवा ही दोन राज्यं पार करतो. सीमाप्रश्नावर इतक्या शांतपणे लिहिलेलं दुसरं काही मी वाचलेलं नाही.

पर्याय तिसरा म्हणजे महाकाव्य. कोल्हापूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. पुणे आलं तरी उतरायचं नाही. पुण्याहून मुंबईकडे पाठ फिरवून दौंडला जायचं, दौंडहून अहिल्यानगरमार्गे मनमाडला. मनमाडला उतरून उत्तरेची ती केरळची गाडी पकडायची आणि नाशिक, कल्याण, पनवेल करत रत्नागिरी. मी बेरीज केली. साडेअकराशे किलोमीटरच्या वर! रत्नागिरीला जायला मनमाड! आणि गंमत अशी की पहिल्या पर्यायात कल्याणला जी गाडी पकडायची, तीच ही गाडी. म्हणजे नुसतं कल्याणला उभं राहिलं असतं तरी ती आपल्याला घ्यायला आलीच असती. पण महाकाव्याचा नायक असा उभा राहत नाही. तो तिला सामोरा जातो.

या तिन्हींच्या वर ॲपनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आपल्यासाठी निवडक पर्याय."

आमच्या बँकेत मी हे वाचून दाखवलं तेव्हा फार हशा झाला. हेड कॅशियर म्हणाले, "मनमाडला गेलाच आहात, तर शिर्डी करून या." शिपायानं विचारलं, "साहेब, ते यंत्र एवढं शहाणं, तर त्याला कोल्हापूर-रत्नागिरी एस.टी. माहीत नाही?" मी म्हणालो, "त्याला फक्त रूळ दिसतात. जिथे रूळ नाहीत तिथे त्याच्या लेखी पृथ्वीच नाही."

आता टीकेकडे वळतो. या वाङ्मयाचा पहिला दोष म्हणजे लेखकाला वाचक दिसत नाही. पूर्वी आमच्या घराण्यात एक काका होते. इंडियन ब्रॅडशॉ नावाचा वेळापत्रकाचा जाडजूड ग्रंथ ते पोथीसारखा बाळगायचे. त्यांना कोणी विचारलं, "काका, इंदूरला कसं जाऊ?" की ग्रंथ उघडायच्या आधी ते उलट विचारायचे, "बरोबर कोण आहे? सामान किती? उतरायला रात्र झाली तर घ्यायला कोण येणार?" या तीन प्रश्नांनंतर गाडी. तिकिटाच्या खिडकीवरही एखादा असा भेटायचा की जो चष्म्यावरून पाहून म्हणायचा, "आजोबा, ही गाडी घेऊ नका, पूल चढावा लागेल." ॲपनं मला प्रवाशाचं वय विचारलं, पण ते तिकिटावर छापण्यासाठी. मनमाडच्या फलाटावर पंचाहत्तर वर्षांची बाई कुठे बसेल, हा विचार करण्यासाठी नव्हे.

दुसरा दोष तुलनेचा. तिन्ही पर्याय एकाच ठशात, एकाच आकाराच्या चौकटीत. सतरा तासांचा आणि दीड दिवसाचा प्रवास शेजारी शेजारी, जणू ताटात दोन प्रकारच्या चटण्या. अमुक मार्ग शहाण्याचा आणि अमुक केवळ शक्य आहे, हे सांगायची जबाबदारी लेखक घेत नाही. शक्य आहे म्हणून सांगून टाकायचं! असं म्हटलं तर आमच्या बँकेतही मला माझ्या डाव्या हाताचे शंभर रुपये उजव्या हातात डिमांड ड्राफ्टनं देता येतील.

हे वाक्य मनात आलं आणि मी जरा वरमलो. कारण आमच्या शाखेत याहून निराळं काय चालतं? मागच्याच आठवड्यात एक आजी नवऱ्याच्या पश्चात खात्यावरचं नाव बदलायला आल्या होत्या. मी त्यांना तीन नंबरला पाठवलं. तीन नंबरनं झेरॉक्ससाठी बाहेर पाठवलं. तिथून त्या मॅनेजरकडे गेल्या, मॅनेजरनी सहीसाठी पुन्हा माझ्याकडे पाठवलं. माझ्या टेबलावरून माझ्याच टेबलावर त्या व्हाया मॅनेजर पोचल्या. मीही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. फॉर्मकडे पाहिलं होतं.

तेव्हा कामातून सवड काढून मी जरा खोलात शिरलो. म्हटलं, दोष लेखकाचा की विषयाचा, हे आधी पाहावं. आणि पाहता पाहता माझं मत बदलत गेलं.

कारण वळसा ही या यंत्राची कल्पना नव्हेच. वळसा देशाच्या नकाशात आहे. कोकण रेल्वे होण्यापूर्वी मुंबई आणि मंगळूर ही एकाच किनाऱ्यावरची दोन शहरं रेल्वेनं २०४१ किलोमीटर लांब होती. कोकण रेल्वे झाली आणि ती ९१४ वर आली. म्हणजे अकराशेच्या वर किलोमीटर लोक नुसतेच हिंडत होते. पुणे-नाशिक घ्या. रस्त्यानं दोनशेच्या थोडं वर. रेल्वेनं जायचं तर बोरघाट उतरून कल्याण आणि कल्याणहून कसाऱ्याचा थळघाट चढून नाशिक. एक घाट उतरायचा तो दुसरा चढण्यासाठी. हे दोन्ही घाट साहेबानं १८६० च्या दशकात रुळांखाली आणले. त्याला माल मुंबईच्या बंदरात न्यायचा होता. पुण्याच्या माणसाला नाशिकच्या मेव्हण्याकडे जायचं असेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याची रेल्वे हाताच्या पंजासारखी: प्रत्येक बोट तळव्याला जोडलेलं, पण एका बोटाच्या टोकावरून दुसऱ्या बोटाच्या टोकावर जायचं तर तळव्यातून जावं लागतं. आमचं कल्याण हा तो तळवा.

साहेब गेल्यालाही आता पाऊणशे वर्षं उलटली. कोल्हापूरहून वैभववाडीपर्यंत नवी लाईन टाकली की कोल्हापूर कोकण रेल्वेला थेट जोडलं जातं. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडंसं वर. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात तिचं नाव आलं, त्या दिवशी मामाचा फोन आला होता. "ऐकलंस का? लाईन येत्येय!" आईला कमी ऐकू येत असूनही हे ऐकू आलं. त्यानंतर सर्वेक्षणाच्या, मंजुरीच्या आणि निधीच्या बातम्या दोघांनी कात्रणं कापून ठेवली. त्या लाईनवरून गाडी अजून एकही धावलेली नाही. आम्ही जमाखर्चवाले याला उचंत खातं म्हणतो. रक्कम दिसते, पण हाताला लागत नाही.

आता हिशेब मांडा. शंभर किलोमीटरचा तुकडा नाही, म्हणून आईला पावणेआठशे किलोमीटर जायचं. आपल्याकडे व्याज किती जबर लागतं, यावर बँकेत रोज तक्रारी ऐकतो, पण असा दर मी सावकाराकडेही पाहिलेला नाही. तेव्हा माझा निकाल असा की ते ॲप या प्रकरणात टीकाकार आहे, लेखक नाही. आपण शंभर किलोमीटर बांधले नाहीत, ही गोष्ट ते आडपडदा न ठेवता, मनमाडपर्यंत नेऊन सांगतं. कोणत्याही भाषणात इतकं स्पष्ट सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. भाषणात लाईन येत असते. ॲपमध्ये ती नसते.

मात्र पहिला दोष तसाच राहतो. खरं सांगणं वेगळं आणि बरोबर कोण आहे हे विचारणं वेगळं. तेवढं माणसानं करावं लागतं. म्हणून मी आईपुढे बसलो आणि काकांसारखं विचारायला सुरुवात केली.

"आई, रात्रभर गाडीत झोपशील?"

"झोपेन की. खालचा बाक मिळेल ना?"

"मिळेल. पण कल्याणला पहाटे दोन तास बसावं लागेल."

"बसेन. इथे तरी काय करते?"

"एकूण सतरा तास."

आईनं जरा विचार केला. मला वाटलं, नको म्हणणार. ती म्हणाली, "सतरा तास चालतील रे. चार तासांचं नाव काढू नकोस."

साठ दिवस आधी आरक्षण उघडतं, त्या दिवशी सकाळी मी खालचे दोन बाक काढले. पर्याय पहिला, लघुकथा. निघायच्या दिवशी आईनं दशम्या, लसणाची चटणी आणि मामासाठी कोल्हापुरी गुळाची ढेप घेतली. घाटात लागेल म्हणून लिंबूही घेतलं. बोरघाट उतरलो तेव्हा ती गाढ झोपली होती. रेल्वेचा घाट रुळांवरून हळूहळू उतरतो, पोटात कालवत नाही. लिंबाचं मी कल्याणला चहात पिळून सरबतासारखं काहीतरी केलं, ते वाईट झालं.

कल्याणच्या बाकावर आईनं दोन तासांत शेजारच्या चार बायकांना आपण कुठे चाललोय ते सांगितलं. प्रत्येकीनं विचारलं, "कोल्हापूरहून रत्नागिरीला कल्याणवरून?" आणि प्रत्येकीला आई अभिमानानं म्हणाली, "हो. आमची रेल्वे तशीच जाते." एकीनं सांगितलं की तिची मुलगी नाशिकला दिली आहे आणि ती स्वतः पुण्याची. मग दोघींनी घाट या विषयावर जी चर्चा केली, ती रेल्वे बोर्डानं ऐकायला हवी होती.

दुपारी रत्नागिरी आलं. स्टेशन गावाबाहेर आहे, तरी मामा रिक्षा करून फलाटावर येऊन उभा होता. काठी टेकत, डब्यांचे नंबर मोठ्यानं वाचत. आई उतरली. दोघंही एकाच वेळी बोलू लागली आणि नेहमीप्रमाणे एकानंही दुसऱ्याचं ऐकलं नाही. पण या वेळी मध्ये फोन नव्हता, हात हातात होते.

आठ दिवसांनी निघताना मामा म्हणाला, "आता वैभववाडीची लाईन झाली की ये. सकाळी निघालीस की जेवायला इथे."

आई माझ्या हातातली पिशवी आपल्याकडे घेत म्हणाली, "तोवर कोणी थांबायचं? मी आपली दिवाळीला कल्याणवरूनच येते."

तिकिटं काढली आहेत. उत्सुकतेपोटी या वेळचे निवडक पर्यायही पाहून घेतले. मनमाड अजून आहे.